कृपा म्हणजे कर्जमाफीच का? आणि मग याकोबाचं काय करायचं?

प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. आमच्या युवक संघातल्या एका पोरानं विचारलंय, "पाळककाका, माझ्या आज्जीनं जन्मभर एक रविवार चुकवला नाही, दशमांश दिला, गल्लीत कुणी आजारी पडलं की डबा नेऊन दिला. त्याच गल्लीतला एकजण आयुष्यभर दारू पिऊन बायकोला मारायचा, शेवटी दवाखान्यात पाळक आले, त्यानं 'प्रभू मला माफ कर' म्हटलं आणि दोन दिवसांनी गेला, तर मातीच्या वेळी सांगितलं की तोही प्रभूकडं गेला. म्हणजे दोघं सेम? ही तर कर्जमाफी झाली, थकवणाऱ्याची चांदी आणि वेळेत हप्ते भरणारा येडा. पौल पत्रांत म्हणतो माणूस क्रियांशिवाय, विश्वासानं नीतिमान ठरतो, आणि नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात २:२४ मधे तर सरळ लिहिलंय की माणूस नुसत्या विश्वासानं नाही, क्रियांनी नीतिमान ठरतो. मग पौल खरा का याकोब?"

लेका, हा प्रश्न तुला पडला याचा अर्थ तू शिकवण नीट ऐकलीयस. पौलालाही लोक हेच म्हणायचे, रोमकरांस पत्र ३:८ बघ, चांगलं व्हावं म्हणून वाईट करू या असं आम्ही शिकवतो अशी आमची बदनामी चाललीय म्हणून तो तक्रार करतो, आणि ६:१ ला तर स्वतःच विचारतो की कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या शिकवणीच्या जुन्या पुस्तकात, ६४ वा प्रश्न अगदी हाच आहे, या शिकवणीनं माणसं बेफिकीर होत नाहीत का. जिथं हा प्रश्न कुणालाच पडत नाही तिथं बहुतेक कृपेच्या नावाखाली 'चांगलं वागा, देव तुमचं चांगलं करंल' एवढंच सांगितलेलं असतं, आणि खरं बोलायचं तर आपल्याकडच्या बऱ्याच संदेशांत तेवढंच असतं.

आता मूळ शिकवण काय ते. आपल्या कोल्हापुरात मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ ला आले, पुढं हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं, त्यामुळं आपलं वळण वेस्टमिन्स्टरच्या प्रश्नोत्तरीचं, म्हणजे प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या शिकवणीच्या पुस्तकाचं. त्यातल्या लहान प्रश्नोत्तरीचा ३३ वा प्रश्न, नीतिमान ठरवणं म्हणजे काय? उत्तराचा सारांश असा की ती देवाच्या फुकट कृपेची कृती आहे, तीत तो आपल्या सगळ्या पापांची क्षमा करतो आणि आपल्याला स्वतःच्या नजरेत नीतिमान म्हणून स्वीकारतो, ते फक्त ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या नावावर धरलं म्हणून, आणि ते आपण फक्त विश्वासानं घेतो. यात दोन भाग आहेत, क्षमा आणि स्वीकार, आणि आपण पोरांना पहिलाच शिकवून मोकळे होतो.

तुझं कर्जमाफीचं उदाहरण मला आवडलं, सोसायटीच्या कर्जावर वाढलेल्या घरातलं पोरगंच असं विचारणार. पौलसुद्धा रोम ४:४ मधे हिशोबाचीच भाषा बोलतो, काम करणाऱ्याची मजुरी ही मेहेरबानी नसते, ते देणंच असतं. पण कर्जमाफी झाली की काय होतं बघ, सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो आणि माणूस शून्यावर येतो. पुढच्या लागणीला खत बियाणं आणायला तो परत सोसायटीच्याच दारात उभा. आपली बरीच विश्वासू माणसं अशीच जगतात, बाप्तिस्म्याला मागचं माफ झालं आता पुढचं आपलं आपण भरायचं, आणि मग दर प्रभुभोजनाच्या आधी धास्ती की या महिन्याचा हप्ता थकला का काय. शास्त्र शून्यावर थांबतच नाही. फिलिप्पै ३:९ मधे पौल म्हणतो मला माझं स्वतःचं, नियमशास्त्रातून येणारं नीतिमत्त्व नकोच, ख्रिस्तावरच्या विश्वासानं मिळणारं पाहिजे. म्हणजे येशू बापाच्या आज्ञेत जे पूर्ण आयुष्य जगला ते तुझ्या नावावर लागतं. देव तुझ्याकडं बघतो तेव्हा नुसतं कोरं पान बघत नाही, स्वतःच्या पोराचं, येशूचं, भरलेलं पान बघतो.

दुसरं, माफी झाली तरी पैसे कुणीतरी भरतोच, बँक काय सोडत नाही, सरकार तिजोरीतनं भरतं. इथं कुणी भरले? हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. नीतिसूत्रे १७:१५ मधे लिहिलंय की दुष्टाला निर्दोष सोडणारा न्यायाधीश परमेश्वराला वीट आणतो. आणि रोम ४:५ मधे पौल देवाचं वर्णन काय करतो, तर अभक्ताला नीतिमान ठरवणारा! म्हणजे जे मामलेदारानं केलं तर देवाला संताप येतो तेच देव स्वतः करतोय असं वाटतं. याचं उत्तर पौलानं आधीच ३:२५-२६ ला देऊन ठेवलंय, ख्रिस्ताच्या रक्तानं प्रायश्चित्त झालं, का, तर देवानं न्यायीही राहावं आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमानही ठरवावं. त्या दारुड्याचं पाप देवानं 'जाऊ दे' म्हणून कानाआड केलं नाही. त्याच्या बायकोनं खाल्लेला मार हिशोबात आहे, तो वधस्तंभावर मोजला गेला. हे त्या बायकोला सांगताना मात्र जीभ सांभाळून सांगायचं, मातीच्या दिवशी तर नाहीच.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुझं उदाहरण इथं मोडतं. माफी मिळालेल्या शेतकऱ्याचं आणि बँक मॅनेजरचं नातं काही बदलत नाही, परत तो तो आणि हा हा. म्हणून तर लोक म्हणतात की माफीनं सवय बिघडते, पुढच्या माफीची वाट बघत मुद्दाम थकवतात. कृपा ही अशी योजना असती तर तुझा आक्षेप शंभर टक्के बरोबर होता. पण रोम ६ मधे पौल 'असं करू नका हं' म्हणून दम देत नाही, तो म्हणतो अरे तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेलात आणि त्याच्याबरोबर उठलात, मग पापात जगणार कसे? नीतिमत्त्व ख्रिस्तापासून वेगळं काढून पाकिटात घालून मिळत नाही, तो मिळतो आणि त्याच्यासोबत ते मिळतं, आणि तो आला की नुसती क्षमा घेऊन येत नाही, स्वतःचा आत्माही घेऊन येतो. हायडेलबर्गवाल्यांनी ६४ व्या प्रश्नाला हेच उत्तर दिलंय, खऱ्या विश्वासानं जे ख्रिस्तात रोवले गेले त्यांना कृतज्ञतेची फळं येणार नाहीत हे शक्यच नाही. वेस्टमिन्स्टरवालेही ३५ व्या प्रश्नात पवित्रीकरण वेगळं सांगतात, नीतिमान ठरवणं ही एका क्षणाची कृती आणि पवित्र करणं हे चालू राहणारं काम. दोन्ही एकाच कृपेचं, पण त्यांची खिचडी केली की माणूस रोज सकाळी उठून मी आज तारलेला आहे का हे तपासत बसतो.

आता याकोब. इथं घाई करू नकोस, उत्पत्ती काढून बस आणि अब्राहामाची वयं बघ, सगळं तिथंच सुटतं. उत्पत्ती १५:६, अब्राहामानं परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणलं गेलं. तेव्हा त्याच्याकडं काय होतं? पोर नाही, नियमशास्त्र नाही, सुंता नाही, रात्री बाहेर उभा राहून तारे मोजत होता बाबा. पुढच्याच अध्यायात दासी हागारेचा घोळ, तिच्यापासून इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा. सुंता १७ व्या अध्यायात, वय ९९. म्हणजे नीतिमान गणला गेला त्यानंतर निदान तेरा वर्षांनी सुंता झाली, आणि रोम ४:१० मधे पौल वकिलासारखा हाच सवाल टाकतो, कधी गणलं, सुंतेआधी का नंतर? आधी! गलतीकरांस पत्रात तो आणखी पुढं जातो, मोशेचं नियमशास्त्र तर अब्राहामाला दिलेल्या वचनानंतर ४३० वर्षांनी आलं. आणि मधे अब्राहाम काय फार सरळ वागला असंही नाही, उत्पत्तीच्या विसाव्या अध्यायात परत एकदा बायकोला बहीण म्हणून सांगितलंन्.

याकोब कुठला प्रसंग घेतो? २:२१ बघ, देवानं सांगितलं म्हणून अब्राहामानं आपल्या पोराला, इसहाकाला, वेदीवर ठेवलं तो. तो आहे उत्पत्ती २२ मधे, इसहाक झाला तेव्हा बाप शंभरचा आणि आता पोरगं लाकडं उचलून डोंगर चढण्याइतकं मोठं. म्हणजे पंधराव्या अध्यायाला वीसेक वर्षं तरी होऊन गेली होती. आणि याकोब स्वतः २:२३ ला पंधराव्या अध्यायातलं तेच वचन काढून म्हणतो की ते इथं पूर्ण झालं. पौल सांगतो देवापुढं माणूस कधी आणि कशानं उभा राहिला, याकोब सांगतो ते खरं होतं हे कशावरनं दिसलं. दोघांची भांडणं लावायची असतील तर आधी दोघांनी एकाच दिवसाबद्दल बोलायला पाहिजे.

शिवाय दोघांसमोरची माणसं वेगळी. पौलासमोर आहेत ते म्हणतायत की विश्वास ठीक आहे, पण सुंता करा, मगच तुम्ही पूर्ण. याकोबासमोर आहेत ते एखाद्या उघड्यानागड्या भावाला दारातनंच 'शांतीनं जा, ऊब घे, पोटभर खा' म्हणून वाटेला लावणारे. त्यांना तो म्हणतो, देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथरतात, तुमचा विश्वास भुतांच्या पुढं कुठं गेला? याकोब ज्याला मेलेला म्हणतो त्याला पौलानंही विश्वास म्हटलं नसतं, गलती ५:६ मधे तो प्रीतीच्या द्वारे काम करणाऱ्या विश्वासाबद्दल बोलतो. प्रॉटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या आपल्या ल्यूथरबाबांना मात्र याकोब पचला नाही, आपल्या नव्या कराराच्या जर्मन भाषांतराच्या १५२२ च्या प्रस्तावनेत त्यांनी या पत्राला गवताचं पत्र म्हटलं. माणूस मोठा, पण तोंड सुटलं की सुटलं. पुढच्या आवृत्त्यांत ते वाक्य गाळलं हे बरं केलं.

इथं कॅथलिक मित्रांबद्दल एक, कारण युवक संघात हे 'ते कर्मवाले, आपण विश्वासवाले' असं बोललेलं मी ऐकलंय. १५४७ ला त्रेंतच्या धर्मसभेत त्यांनी म्हटलं की नीतिमान ठरवण्यात नुसती क्षमा नाही, माणसाचं आतून नवं होणंही आहे, आणि फरक तिथं खरोखर आहे, मी तो झाकत नाही. पण कृपेशिवाय स्वतःच्या कमाईनं तारण होतं असं ते शिकवत नाहीत, तो पेलाजियसचा विचार ४१८ लाच कार्थेजच्या सभेनं फेटाळला होता. १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला ऑग्सबर्गमधे लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक मंडळीनं एकत्र जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आमच्या कुठल्याही पुण्याईमुळं नाही तर फक्त कृपेनं देव आम्हाला स्वीकारतो असं दोघं म्हणाले. नंतर मेथडिस्ट आले, २०१७ ला रिफॉर्म्ड, म्हणजे आपल्या वळणाच्या, मंडळ्याही आल्या. सगळे वाद मिटले असं नाही, पण टिंगल करायला जागा राहिली नाही.

मला या विषयात सगळ्यात जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो, विश्वासालाच कर्म करून टाकायचा. मोठ्या मंडपातल्या सभा होतात, कुणाचं दुखणं बरं होत नाही, मग त्याला सांगतात की तुझाच विश्वास कमी पडला. एका बाईला किडनीचा त्रास, ती मला विचारते, "माझा एवढा विश्वास पुरंल का वो?" म्हटलं मावशी, तुमचा विश्वास नाही पुरायचा, माझाही नाही पुरायचा, पुरला तो येशू. हायडेलबर्गचा ६१ वा प्रश्न नेमका यावर आहे, माझ्या विश्वासाची लायकी आहे म्हणून देव मला स्वीकारत नाही, ख्रिस्तानं केलं म्हणून स्वीकारतो आणि विश्वासानं मी ते घेतो एवढंच. मार्क ९ मधला तो आजारी पोराचा बाप आठव, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत करा' म्हणाला, अर्धाकच्चा विश्वास, आणि पोरगं बरं झालं ना? मावशी त्यानंतर डायलिसिसला जात होत्या आणि जाताना नर्सला प्रार्थनेच्या चिठ्ठ्या लिहायला लावत होत्या, त्यांच्या दुखण्याचं सांगण्यासारखं एवढंच.

आता तुझी आज्जी. तू म्हणतोस ती हप्ते भरत होती. हे तिला विचारलंस का कधी? मला वाटतं तुझा सगळा राग इथंच चुकीच्या गृहीतावर उभा आहे, की देवाबरोबर राहणं हा तोटा आणि दारू पिणं ही मजा, आणि आज्जीनं तोटा सोसला आणि त्यानं मजा मारून शेवटी पास झाला. लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ बापाला अगदी हेच बोलतो, इतकी वर्षं मी तुमची गुलामी करतोय, मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत आणि हा कसबिणींबरोबर सगळं उडवून आला तर वासरू कापता. गुलामी म्हणतो बघ, बापाच्या घरात राहून. आणि बाप काय म्हणतो, पोरा तू तर कायम माझ्याजवळ आहेस आणि माझं जे जे ते तुझंच आहे. मत्तय २० मधले द्राक्षमळ्यातले मजूरही तेच कुरकुरतात, दिवसभर उन्हात राबलो आणि तासभर काम केलेल्यालाही एकच दिनार. पण मालकानं त्यांचा दिनार कापला का? ठरलेला दिला. त्यांची अडचण दुसऱ्याला मिळाल्याची होती.

आणि त्या दारुड्यानं मजा मारली असं तुला कुणी सांगितलं? अशी घरं मी फिरलोय, शाहूपुरीतही आणि कागलकडच्या वाडीवस्तीवरही. पहाटे पाचला थरथरत्या हातानं उठणारा, पोरं दाराआड लपतात हे बघणारा, पगार झाला की आधी उधारी भागवणारा माणूस मजेत नसतो. तुझी आज्जी डबा घेऊन त्याच्या घरापर्यंत गेली असंल तर ती त्या दोघांपैकी श्रीमंत होती.

तरीही तू म्हणशील, मग मीही शेवटी बघतो की, घाई काय. वधस्तंभावरच्या चोराचं उदाहरण लोक यासाठीच वापरतात. पण लूक २३ नीट वाच. त्याला उरलेत काही तास, हातपाय खिळलेले, आणि तेवढ्यात तो काय करतो, दुसऱ्या चोराला गप्प बसवतो, आपल्याला मिळाली ती शिक्षा रास्त आहे म्हणतो, येशूनं काही गैर केलं नाही अशी सगळ्यांपुढं साक्ष देतो, आणि मग 'माझी आठवण करा' म्हणतो. जेवढं आयुष्य शिल्लक होतं तेवढ्यात फळ आलं. आधी चोरी करू, शेवटी बघू असा त्यानं प्लॅन केलेला नव्हता. असा प्लॅन करणाऱ्याला शेवटच्या दोन दिवसांत शुद्ध असंल का हे मी सांगू शकत नाही, दवाखान्यात मी व्हेंटिलेटरवरची माणसं बरीच बघितलीत. तो तुमच्या गल्लीतला माणूस मनापासून म्हणाला का भीतीनं, हे मला कळत नाही आणि कळायची माझी लायकीही नाही, म्हणून मातीच्या वेळी मी असल्या ठिकाणी माणसाबद्दल कमी आणि ख्रिस्ताबद्दल जास्त बोलतो.

एक आपल्या मराठी माणसांतलं सांगतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमधे झाला. १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, म्हणजे क्रियांच्या बाबतीत बोलायचं तर आपल्यातल्या कुणीही त्यांच्यापुढं मान वर करू नये. आणि तरी १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्मा झालेला, सेवा चाललेली, ज्ञान तर एवढं की पुढं अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि मनाला शांती नव्हती. ती मिळाली ती आपल्याकडं काही नाही हे कबूल करून नुसतं घेतल्यावर. आणि मग त्यांचं काम थांबलं का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातनं उपाशी पोरी गोळा करून केडगावला घेऊन आल्या. कृपेनं माणूस आळशी होतो म्हणणाऱ्याला मी केडगावचा पत्ता देतो.

इफिस २:८-९ तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. दहावं वचन पाठ नाही, वर्गात विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात. त्यात लिहिलंय की आपण ख्रिस्त येशूत चांगल्या कामांसाठी निर्माण झालो आणि ती कामं देवानं आधीच तयार ठेवलीत. कामं आहेतच, फक्त नऊनंतर दहा येतं.

या आठवड्यात असं कर, रोम ३:१९ पासून ५:१ पर्यंत एका बैठकीत वाच, मग उत्पत्ती १५, १७ आणि २२, आणि त्यानंतर याकोब २. याच क्रमानं, उलट्या नाही. पेन्सिल जवळ ठेव आणि अब्राहामाची वयं कडेला लिहीत जा. जमलं तर आज्जीला शेजारी बसवून मोठ्यानं वाच, लूक १५ वरती ती तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगंल. रोम ६ पर्यंत एकट्यानं जमंल, ७ ला आलास की फोन कर, तिथं सगळेच अडकतात.